हाडांच्या वॉर्डातला दगडू

हाडांच्या वॉर्डात किस्से का साठतात, सांगू? तिथला पेशंट तसा आजारी नसतोच! ताप नाही, खोकला नाही. भूक तर अशी कडकडून लागते की जेवणाची गाडी कॉरिडॉरमध्ये खडखडली तरी सगळ्या माना दाराकडे वळतात. फक्त एक पाय प्लास्टरमध्ये, नाहीतर वजन लावून वर टांगलेला. असा धडधाकट माणूस आठवडेच्या आठवडे एका कॉटवर पडून करणार काय? बोलणार! आणि आजूबाजूला तसेच टांगलेले आणखी वीसजण असले, म्हणजे विचारायलाच नको.

मी मिरजेला नर्स होते. नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात काढली. माहेर कराडचं. सुट्टीला घरी गेले की संध्याकाळची बुद्धवंदना झाली रे झाली, आई पाय दुमडून माझ्यासमोर बसायची.

"हं, सांग. या खेपेला काय झालं तुमच्या पिक्चरात?"

तिनं तो पिक्चर एकदाही बघितला नव्हता. तरी तिला पाठ होता! कारण त्या पिक्चरमध्ये काय होतं यापेक्षा त्याच्यावर आमच्या वॉर्डात कोण काय म्हणालं, हेच मी तिला सांगायची.

*

आमचे मोठे सर म्हणजे हाडांचे सर्जन. हातात हातोडी घेतली की देवमाणूस. बाहेर मात्र त्यांना एकच वेड, जुने काउबॉयचे इंग्रजी पिक्चर. वॉर्डात भांडणं फार वाढली तेव्हा त्यांनीच उपाय काढला. पंख्यावरून भांडण, खिडकीवरून भांडण, कुणाच्या रेडिओवर कुठलं स्टेशन यावरून भांडण! सरांनी घरचा जुना टीव्ही आणि व्हीसीआर आणून वॉर्डाच्या टोकाला एका उंच स्टुलावर ठेवला, आणि आपली सगळ्यात लाडकी कॅसेट आत सरकवली.

गोष्ट साधी. वाळवंटात एका विधवा बाईची विहीर. काळी टोपी घातलेला एक गुंड ती बळकावायला टपलेला. एक अनोळखी घोडेस्वार येतो, त्या विहिरीचं पाणी पितो, आणि पाण्याला जागून तिथेच थांबतो. शेवटी कोरड्या नदीच्या पात्रात दोघं घोड्यांवर समोरासमोर. धडाम!

सर टीव्हीशेजारी उभे राहून समजावत होते. "चेहरा बघा त्याचा! ओठसुद्धा हलवत नाही, पण आतलं सगळं दिसतं. अभिनय याला म्हणतात!"

पिक्चर संपला. सरांनी मोठ्या आशेनं विचारलं, "काय, कसा वाटला हिरो?"

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणजे सांगलीजवळच्या एका खेड्यातले जैन शेतकरी, मांडीचं हाड मोडून आलेले, वयानं सगळ्यांत थोरले. आप्पा घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टर, मानूस गुणाचा हाय. पर तोंडावरची रेघ हलंना त्याच्या! मनात काय हाय ते आमाला कळायचं कसं? दगुड हाय नुसता!"

त्या दिवसापासून हिरोचं नाव दगडू. गुंडाचं टोपीवाला. आणि बाईचं विहीरवाली.

सर हसले, आणि कॅसेट काढायला बटण दाबलं. कॅसेट येईना. पुन्हा दाबलं. आतून नुसता घर्र घर्र आवाज. सांगलीहून मेकॅनिक आला, त्यानं बॅटरी मारून आत बघितलं आणि म्हणाला, "काढायची तर मशीन फोडाय लागंल. आतल्या आत चालतीय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की!"

झालं! दुसरा पिक्चर लागायचा प्रश्नच मिटला. दर रविवारी दुपारी हाच! आमच्याकडे पेशंट यायचे, जायचे. दगडूला मात्र डिस्चार्ज नव्हता!

*

मेट्रनबाईंना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी आम्ही चादरीच्या घड्या पुन्हा घालायचो. एका रविवारी त्या टीव्ही बंद करायच्या तयारीनंच आल्या. दारात उभ्या राहिल्या, कमरेवर हात, आणि बघत राहिल्या. बघत राहिल्या म्हणजे शेवटपर्यंत!

पिक्चर संपल्यावर वॉर्डातले मामा, म्हणजे आमचे बाबूमामा, वॉर्डबॉय म्हणायचे त्यांना, पण मिशा पिकलेल्या, त्यांनी धीर करून विचारलं, "बाई, आवडला का दगडू?"

"छे! तो काळ्या टोपीचा बरा."

सगळा वॉर्ड हादरला. "आवं बाई, त्यो तर व्हिलन हाय!"

"असेल," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण एवढ्या सगळ्यांत तो एकटाच दाढी करून आणि शर्ट खोचून आलाय!"

आणि ताडताड निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा वॉर्ड ओरडत होता, "मामा, न्हाव्याला बोलवा!"

*

खरी पंचाईत झाली ती गोळीच्या सीनमुळे. पिक्चरच्या मध्यावर दगडूच्या खांद्यात गोळी घुसते. गावातला म्हातारा डॉक्टर येतो, चाकू दिव्यावर धरतो, दगडूच्या तोंडात चामड्याचा पट्टा देतो, गोळी उपसून काढतो, वरनं दारू ओततो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू घोड्यावर!

सातारच्या बाजूचे एक रिटायर्ड हवालदार होते आमच्याकडे. लढाईवर जाऊन आले तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता, आणि पेन्शनीत गेल्यावर मेहुण्याच्या स्कूटरवरनं पडून नडगी मोडली. याचा त्यांना भयंकर राग. त्यांनी तो सीन बघितला आणि सोमवारी सकाळी राउंडला सर आल्या आल्या कॉटवर जेवढं ताठ होता येईल तेवढं ताठ होऊन विचारलं,

"सर, परमिशन असल तर एक बोलू?"

"बोला हवालदार."

"त्या डॉक्टरकडं एक चाकू आन एक बाटली. दुसऱ्या दिशी पेशंट घोड्यावर! तुमच्याकडं एक्स-रे हाय, भुलीचं डॉक्टर हायती, ह्या एवढ्या सिस्टरा हायती. आन आमी अजून हितंच! ह्याला काय म्हणायचं?"

पलीकडच्या कॉटवरून आवाज आला, "बराबर हाय!" त्याच्या पलीकडून, "आमालाबी सोडा!" दोघांनी तर उशाखालच्या पिशव्या काढून भरायला घेतल्या. एकानं टांगलेल्या पायाच्या दोरीला हात घातला, तो मी धावत जाऊन धरला.

सर चिडतील असं वाटलं. पण ते हवालदारांच्या कॉटवर टेकले आणि शांतपणे म्हणाले, "हवालदार, पिक्चर तर संपतो. त्यानंतरचं मला माहीत आहे. त्याचा तो खांदा पुढं जन्मभर वर गेला नाही. थंडी पडली की ठणकतो. बायको केस विंचरून देते त्याचे!"

हवालदारांनी हळूच आपल्या नडगीकडं बघितलं. पिशव्या परत उशाखाली गेल्या.

तरी सरांनी पुढं खबरदारी घेतली. गोळीचा सीन आला की बाबूमामा चादर पसरून टीव्हीपुढं उभे राहायचे. नवा पेशंट विचारायचा, "मामा, बाजूला व्हा की! काय हाय तिथं?"

मामा म्हणायचे, "हाय एक घाण सीन!"

*

हुसेनचाचा मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. रिक्षा वाढल्या, टांगे कमी झाले, तरी चाचांचा टांगा चालू होता. घसरून पडून खुब्याचं हाड गेलं, आणि आमच्याकडे दाखल झाले. ते पिक्चरमध्ये माणसांकडे बघायचेच नाहीत. त्यांचं लक्ष फक्त दगडूच्या तांबड्या घोड्यावर.

"ॲक्टिंग देखना है तो उसकी देखो," चाचा सगळ्यांना सांगायचे. "कान देखो उसके! मालिक कुछ बोलताच नहीं, सब कान से समझता है बिचारा. और ये दगडू? सुबह से दौडाता है, ना चंदी, ना पानी!"

हे बोलताना ते खिडकीबाहेर बघायचे. कारण चाचांचा स्वतःचा घोडा, बादशाह, घरी बांधून होता. भाचा त्याला खायला घालायचा, पण घोडा खात नाही, असा निरोप यायचा. मग चाचांचंही जेवण तसंच ताटात राहायचं. मी रागवायची, हवालदार रागवायचे, काही उपयोग नाही. बाईक विकून टाकावी तसा घोडा विकायचं घरात चाललंय, हेही त्यांच्या कानावर आलं होतं. ते कुणाशी त्यावर बोलायचे नाहीत, नुसते छताकडे बघत पडायचे.

एका रविवारी पिक्चर ऐन रंगात आला आणि लाइट गेली. टीव्ही गप. पंखे गप. सगळ्यांनी एकदम "अऽऽरं!" केलं आणि पडून राहिले. आणि त्या शांततेत घोडा खिंकाळला. मोठ्यानं!

"आली वाटतं लाइट," कुणीतरी म्हणालं.

लाइट आली नव्हती. टीव्ही काळा होता. घोडा दुसऱ्यांदा खिंकाळला, आणि चाचा कोपरावर उठून बसले. मी खिडकीतून बघितलं. खाली कंपाउंडमध्ये त्यांचा भाचा उभा, हातात लगाम, आणि एक हाडकुळा पांढरा घोडा, तोंडाला गवताच्या काड्या लागलेल्या, मान वर करून आमच्या खिडक्यांकडे बघतोय. वॉचमन लांबून काठी हलवतोय, पण जवळ यायचं धाडस नाही!

आम्ही चाचांची कॉट ढकलत खिडकीला नेली. चाचांनी नुसती जीभ टाळ्याला लावून "टक् टक्" केलं. खालून उत्तर आलं, सगळा वॉर्ड दणाणला.

आप्पा लांबून ओरडले, "चाचा, दगडूचा घोडा आला वाटतं तुमच्यासाठी!"

चाचांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. म्हणाले, "उसका नहीं आप्पा. ये तो खाना खाके आया है, पेट देखो!"

आणि मागं न बघता मला म्हणाले, "सिस्टर, मेरी थाली लाव."

*

शेजारच्या बायकांच्या वॉर्डातून विठाबाई यायच्या. कवठेमहांकाळच्या बाजूच्या, व्हीलचेअरवर बसून. खुर्ची ढकलायला त्यांची सून, रखमा. दोघींचं पटायचं नाही. म्हणजे सासू दिवसभर बोलायची आणि सून दिवसभर गप्प, असं न पटणं. कपडे धुणं, डबा, वेणीफणी, सगळं रखमा करायची, आणि विठाबाईंच्या तोंडून एक बरा शब्द यायचा नाही.

विठाबाईंचं लक्ष विहीरवालीवर. "कष्टाची हाय," त्यांनी पहिल्याच दिवशी पसंती दिली. "एकली बाई, पर दारात गुंड आला तरी मान खाली न्हाई. डोक्यावर पदर न्हाई ते सोडा."

पुढच्या रविवारी मात्र त्या अस्वस्थ दिसल्या. सारख्या पुढं वाकून बघत होत्या. शेवटी मला हाक मारली.

"सिस्टर, एक सांगा. हितं समदीकडं धूळ. घोडी धूळ उडवत्यात, वारं धूळ उडवतंय. आन हिचा झगा पांढराशिपट! हिला तर सारा दिस बंदुकीतनं सवड न्हाई. मग धुतंय कोण?"

वॉर्ड कान देऊन ऐकत होता. विठाबाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या अंगावरच्या स्वच्छ, घडीच्या लुगड्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सून आसंल," त्या म्हणाल्या. "पिक्चरात दावली न्हाई. कोण दावतंय?"

मागं खुर्ची धरून उभी असलेली रखमा आधी चमकली, आणि मग अशी हसली, अशी हसली, की तिला खुर्ची सोडून भिंतीला धरावं लागलं!

*

विट्याचा संपत सोनं गाळायच्या कामाला कोइमतूरला असायचा. विट्याकडची पुष्कळ माणसं अशी देशभर पसरलेली. सुट्टीला आला, मोटरसायकलवरून पडला, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, "मला इंग्लिश येतं. तिकडं समदी इंग्लिशच बोलत्यात."

झालं, तो आमचा दुभाषी! पिक्चरमधलं कुणी तोंड उघडलं की संपत मराठीत सांगायचा. टोपीवाला धमकी द्यायचा, संपत सांगायचा, "म्हणतो, सातबारा माझ्या नावावर कर!" दगडू एक शब्द बोलायचा, संपत सांगायचा, "बघतो म्हणतोय."

सगळ्यांचा आवडता सीन म्हणजे दगडू घोड्याचं खोगीर आवळतोय आणि विहीरवाली दारात उभी राहून बरंच काही बोलते तो. संपत डोळे मिटून सांगायचा,

"ती म्हणती, तुमी येता कवा, जाता कवा, आमाला पत्ता न्हाई. चार दिस ऱ्हायचं की निघालं! माझं घर काय एस.टी. स्टँड हाय?"

वॉर्डातून "वाऽऽ!" यायचं. हवालदार तर डोळे पुसायचे. निम्मी नोकरी त्यांनी सीमेवर काढलेली.

एका रविवारी संपतची बायको शोभा डबा घेऊन आली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. ती विट्याला सासू-सासऱ्यांजवळ, हा कोइमतूरला. तो सीन आला, संपत रंगात येऊन सांगू लागला, आणि "एस.टी. स्टँड हाय?" म्हटल्याबरोबर डब्याचं झाकण ठणकन फरशीवर पडलं.

"हे तर मी म्हटलंवतं!" शोभा म्हणाली. "दिवाळीत! माडीवर!"

मग जो हशा पिकला, बाजूच्या वॉर्डातली माणसं दारात येऊन बघायला लागली! संपतनं चादर तोंडावर ओढून घेतली.

आमची लिसी सिस्टर केरळची. तिचं इंग्रजी चांगलं. तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "अय्यो, असं काय नाय बोलली ती! ती बोलते, मी वाट बघत नाय बसणार, माझा पण घोडा तयार आहे, मी येते तुझ्यासोबत."

वॉर्ड तिच्यावरच उलटला. आप्पा म्हणाले, "सिस्टर, तुमचं इंग्लिश केरळातलं हाय. हे निराळं आसंल. संपत म्हणतो तेच बरं वाटतंय."

शोभा मात्र हळूच लिसीजवळ गेली. "खरंच म्हणाली ती? मी येते असं?"

"खरंच."

शोभानं संपतच्या तोंडावरची चादर खाली ओढली. "ऐकलंत?"

संपतनं चादर पुन्हा वर ओढून घेतली. पण बऱ्याच महिन्यांनी तो तपासायला आला, तेव्हा दोघं थेट कोइमतूरच्या गाडीतून उतरून आली होती. हॉस्पिटलच्या गेटवर शोभा केळीवाल्याशी हुज्जत घालत होती. केळीवाला आ वासून बघत होता, कारण बाई तमिळमध्ये भांडत होत्या!

*

आप्पांचं आणि पिक्चरच्या शेवटाचं कधी जमलं नाही. माणूस मेलेला त्यांना बघवायचा नाही. नदीच्या पात्रातला सीन आला की ते तोंड भिंतीकडे करायचे. पण दुसऱ्याला कधी "बंद करा" म्हणाले नाहीत.

तासगावकडचा महेश नावाचा एक तरुण द्राक्षबागेतल्या मांडवावरून पडला होता. मणक्याला मार. पाय हलत नव्हते. सोमवारी सकाळी ऑपरेशन होतं आणि रविवारची दुपार त्याला जाता जाईना. बायको पोटुशी, ती त्याच्या पायाशी बसून तळवे चोळत होती, आणि त्याला ते कळतच नव्हतं. मी इंजेक्शन द्यायला गेले तर माझा हात धरून म्हणाला, "सिस्टर, खरं सांगा. उठंन का मी?"

"सर आहेत ना," म्हटलं.

पिक्चर चालू होता. दगडू आणि टोपीवाला पात्रात समोरासमोर आले. दोघांचे हात कमरेकडे निघाले. आणि आप्पा, जे या सीनला कधी बोलायचे नाहीत, ते खणखणीत आवाजात म्हणाले,

"मामा, हितंच थांबवा!"

बाबूमामांनी बावरून बटण दाबलं. हवालदार कळवळले, "आवं आप्पा, निकाल तर लागू द्या!"

"आत्ता समदी जिती हायती," आप्पा म्हणाले. "आजच्या दिस असूंद्यात. त्यांचा निकाल उद्या. आदी ह्या पोराचा लागूंद्या."

महेश आप्पांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन बराच वेळ चाललं. वॉर्डात कुणी दुपारचा चहा घेतला नाही. महेशला परत आणलं, भूल उतरली, सरांनी त्याच्या पायाच्या अंगठ्याला पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "हलव."

अंगठा हलला. थोडासाच, पण हलला! त्याच्या बायकोनं आधी बघितला. ती ओरडली, आणि बाबूमामांनी वॉर्डाच्या टोकाला पळत जाऊन बटण दाबलं. धडाम! टोपीवाला घोड्यावरून खाली. हवालदारांनी जी शिट्टी मारली, ती मेट्रनबाईंच्या ऑफिसपर्यंत गेली असणार. पण त्या दिवशी त्या आल्या नाहीत.

गडबड ओसरल्यावर आप्पांनी मला खूण करून जवळ बोलावलं. त्यांनी या वेळी भिंतीकडे तोंड केलं नव्हतं. सगळं बघितलं होतं. हळू आवाजात विचारलं,

"सिस्टर, त्या टोपीवाल्याला कुणी ॲडमिट केलं का न्हाई?"

*

वाळव्याच्या बाजूचा तानाजी पैलवान आमच्याकडे आला तो उसाच्या ट्रॉलीखाली सापडून. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जत्रेतली मैदानं गाजवलेला गडी. त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा पुरायचा नाही. शुद्धीवर आला, चादर उचलून एकदा खाली बघितलं, आणि भिंतीकडे वळला. तो तसाच राहिला.

कुणाशी बोलायचा नाही. भेटायला तालमीतली पोरं आली, त्यांच्याकडे बघितलं नाही. वस्तादांनी डोक्यावर हात ठेवला, तरी नाही. आई स्टुलावर बसून असायची, घास पुढं करायची, तो भिंतीकडे बघतच खायचा.

वॉर्डानं आपल्या परीनं प्रयत्न केले. "पैलवान, दगडू भारी का टोपीवाला?" "पैलवान, ह्या दोघांची कुस्ती लावली तर?" उत्तर नाही. सर रविवारी मुद्दाम यायचे आणि जाता जाता विचारायचे, "काय पैलवान, तुझं काय मत?" उत्तर नाही. एवढ्या माणसांत एकट्या त्याचंच पिक्चरवर मत नव्हतं.

जखम भरली. माप घेतलं. कृत्रिम पाय तयार होऊन आला. त्यानं हात लावला नाही. सरांनी समजावलं, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं. पट्टे बांधून, कुबड्या घेऊन पाय टाकायची तालीम सुरू करायची होती. पहिल्या दिवशी त्याला जबरदस्तीनं उभा केला, तर कॉटला धरून नुसता थरथरला आणि खाली बसला. पुन्हा भिंत. पाय कॉटखाली पडून राहिला. त्याची आई रोज सकाळी तो बाहेर काढायची, पदरानं पुसायची, पुन्हा आत ठेवायची. मी बघायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

दिवाळी आली. वॉर्ड बराच रिकामा झाला, जे उरले ते उरलेच. रविवारी दुपारी नेहमीसारखा पिक्चर लागला. दगडू टेकडीवरून घोडा उधळत खाली येत होता. मी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन तानाजीच्या कॉटपाशी होते. तो भिंतीकडे नव्हता. टीव्हीकडे बघत होता. कपाळाला आठी.

"सिस्टर," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी त्याचा आवाज मी ओळखलाच नाही. "ते खालचं द्या."

माझ्याआधी त्याची आई खाली वाकली. तिनं पाय पुढं केला, पट्टे त्यानं स्वतःच बांधले. मी कुबड्या दिल्या. तो उभा राहिला. थरथरला. या वेळी बसला नाही.

मग निघाला. दोन्ही बाजूंनी कॉटच्या रांगा, मधून तानाजी. एक पाय, मग दुसरा. मध्येच कुबडी घसरली, बाबूमामा धावले, हवालदारांनी त्यांना हातानंच थांबवलं. टीव्हीवर घोडा दौडत होता, पण एकही माणूस टीव्हीकडे बघत नव्हता. आई मागून चालत होती, दोन्ही हात पुढं करून, न धरता.

वॉर्डाच्या टोकाला, टीव्हीच्या स्टुलापाशी तो पोचला आणि वळला. बनियन घामानं भिजलेलं. श्वास कुस्ती संपल्यासारखा. सर दारात कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं,

"काय पैलवान... काय मत?"

तानाजीनं पडद्याकडे बघितलं. दगडू अजून दौडतच होता.

"सर, तुमचा हिरो पिक्चरभर घोड्यावर. उतरला तर आडवाच झोपतोय! एकदा चालून दाखव म्हणावं त्याला!"